शरदची गावं

फोन आला तेव्हा मी इथे आखातात, मंगफच्या बकाल्यात म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दही घेत होतो. "हे गेले..." मृणालवहिनी एवढंच म्हणाल्या. पैसे दिले, दही तिथेच विसरलो आणि माझ्या मित्राच्या, शरदच्या घराकडे धावत सुटलो. शुऐबा भागातल्या प्लांटवर, ड्यूटीवर असतानाच त्याचं हृदय थांबलं होतं. त्याला नाशिकला पोचवून आलो, कामावर रुजू झालो, तरी अजून एका जागी बसवत नाही. बसलो की वाटतं, कुणाला तरी काहीतरी कळवायचं राहिलंय.

शरदही एका जागी बसणारा नव्हता. फक्त त्याचं हिंडणं अमेरिकेत चाले, तेही मंगफमधल्या जेवणाच्या टेबलावरून! एके काळी तिथल्या बारक्या बारक्या गावांतल्या बँकाही आपल्या नावाच्या नोटा काढत. वर गावाचं नाव, खाली बँकेतल्या माणसाची शाईची सही. शरद त्या जमवायचा. नवी नोट आली की भरल्या ताटावरून उठून गाव नकाशात शोधायचा. "जेवताना तरी परगावी जाऊ नका," वहिनी करवादायच्या. करकरीत नोट मात्र त्याला नको असे. "ही कुणाच्या खिशातच गेली नाही रे... हिच्याशी काय बोलू?" मी त्याला वेड्यात काढायचो. आता कुणाला काढू?

फ्लॅट सोडायची वेळ आली. वहिनींचा इकामा, इथे राहायचा परवाना, शरदच्याच नोकरीवर होता, त्यामुळे त्यांनाही जाणं भाग होतं. कॅनडातून रोहनचा, त्यांच्या मुलाचा, लकडा सुरू झाला. "काका, जस्ट सेल इट. आई हे कुठे सांभाळणार?" त्याचंही चूक नव्हतं. मी नोटांना गिऱ्हाईक शोधलं. वहिनी घर आवरत राहिल्या.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. टेबलावर शरदच्या सगळ्या नोटा, ताठ आणि चकचकीत. वहिनींनी खैतान भागातल्या झेरॉक्सवाल्याकडून एकूण एक लॅमिनेट करून आणली होती!

"वहिनी, काय केलंत हे! प्लॅस्टिकमध्ये गेलेली जुनी नोट कुणी विकत घेत नाही हो."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच सांगितलं होतं."

मग त्यांनी नोटा एकेक करून साडीच्या घडीत ठेवल्या.

"रोहनला मात्र तुम्ही कळवा, भावजी. म्हणावं, तुझ्या आईला ह्यातलं काही कळत नाही."