चौकोनांचा सराव

महागावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, दाखले, असलं सगळं. तिथल्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर माझा धाकटा भाऊ रोज दुपारी येऊन बसायचा. पडद्यावर चौकोन एकामागून एक पेटायचे आणि विझायचे. ते ध्यानात ठेवून त्यानं उलट्या क्रमानं दाबायचे. बरोबर आलं की टिंग वाजायचं. त्या टिंगचा मला पुढं इतका राग यायला लागला की एकदा गिऱ्हाइकासमोरच मी स्पीकरची वायर उपटली.

हे घरात आलं ते माझ्या भाचीमुळं, भावाच्या मुलीमुळं. तिचं वर्गात लक्ष टिकत नाही म्हणून शाळेनं यवतमाळच्या डॉक्टरांकडं पाठवलं. भाऊ घेऊन गेला. डॉक्टर विचारत होते, सांगितलेलं काम अर्ध्यात सोडते का, वस्तू विसरते का, मध्येच कोणी बोललं तर आधीचं डोक्यातून जातं का. भाऊ ऐकत राहिला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे तं तुमी माह्यंच सांगून राह्यले." घरी आला तो जवळजवळ खुशीत. जन्मभर त्याला सगळ्यांनी धांदरट म्हटलं होतं. आपल्या धांदरटपणाला डॉक्टरी नाव आहे हे ऐकून त्याची मान ताठ झाली. मलाही त्या दिवशी भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग कोणीतरी त्याला यवतमाळातल्या एका सेंटरचा पत्ता दिला. कॉम्प्युटरवर सराव करून स्मरणशक्ती वाढवून देतात म्हणे, लहानांची आणि मोठ्यांचीही. बापलेक दोघांनी नाव घातलं; रोजचा सराव माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर करायचा. भाची आठवड्यातच कंटाळली आणि बाहेर जाऊन चिंचा पाडायला लागली. भाऊ मात्र चिकटला. जो माणूस जेवताना भाकरी अर्धी टाकून उठतो, तो तासभर खुर्चीवरून हलेना. एका दमात किती चौकोन ध्यानात राहिले, तो त्याचा आकडा वाढायला लागला. रोज मला दाखवायचा, मी पण "वा रे वाघा" म्हणायची.

आकडा वाढत होता आणि त्याच दिवसांत तो माझ्या दुकानात चप्पल विसरून अनवाणी गावी गेला. गोठ्याचं फाटक उघडं टाकलं आणि दोन्ही बैल शेजाऱ्याच्या तुरीत शिरले. मी चेष्टा केली, "चौकोन आठवतात, बैल नाही आठवत?" तो हसला. माझं हसणं मात्र तिथंच थांबलं, कारण पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या लागल्या होत्या आणि फवारणी तोंडावर आली होती.

फवारणीची भीती मला कायमच होती. पाठीवरच्या पंपात पाणी भरायचं, बाटलीच्या झाकणानं मोजून औषध ओतायचं, ढवळायचं, फवारायचं, परत यायचं. एवढंच काम. पण भावाचं असं की औषध ओतून तो पाण्याला वळला, कोणी हाक मारली, की औषध टाकलं की टाकायचं आहे हेच त्याला कळेनासं व्हायचं. त्यावर आमच्या बाबांनी त्याला एक रीत लावून दिली होती. औषध पंपात पडलं की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मातीचं ढेकूळ ठेवायचं. पंप फवारून रिकामा झाला की लाथेनं ते ढेकूळ फोडायचं. धुऱ्यावर ढेकूळ दिसलं म्हणजे औषध पडलेलं आहे, हात लावायचा नाही. बाबा गेले तरी ती रीत चालू होती. लोक हसायचे, पण त्यामुळंच तो आजवर धड होता.

सेंटरच्या मॅडमनं ती रीत मोडली. त्यांना ढेकूळ माहीत असायचं कारण नव्हतं. त्या सगळ्यांनाच सांगायच्या, चिठ्ठ्या लिहू नका, मोबाईलवर गजर लावू नका, बाहेरचे टेकू सोडा, डोक्याला काम करू द्या. भावानं ते देववाणीसारखं धरलं. एके दुपारी आकडा दाखवत म्हणाला, "ताई, मले आता ढेकूळ कायले पाह्यजे? लहान पोरासारखं वाटते."

"ठेवलं तं तुह्यं काय जाते?"

"डोकं आळशी होते."

मी त्याच्यावर ओरडले, गिऱ्हाइकांसमोर ओरडले. तो चौकोन दाबत राहिला. टिंग, टिंग. त्या संध्याकाळी मी भावजयीला फोन करून सांगितलं, फवारणीला तू सोबत राहा. ती म्हणाली, "राहीन ना ताई. मले बी भेव वाटते."

ती राहिलीही. त्या दिवशी वारा नव्हता, शेतात पान हलत नव्हतं. तिनं त्याला औषध ओतताना पाहिलं आणि ती नाल्यावर पाणी आणायला गेली. शेजारच्या शेतकऱ्यानं मोटारीचं काहीतरी विचारायला भावाला हाक मारली. भाऊ बोलून परत आला. भावजय घागर घेऊन येत होती तेव्हा तो परत झाकणानं औषध ओतत होता. तिला वाटलं, पहिला पंप झाला असेल. हे असं किती पंपांना झालं ते देव जाणे. दुपारी ती सावलीत भाकरी सोडत होती, तेव्हा तो पऱ्हाटीतून बाहेर आला आणि तिच्याकडं न बघता सरळ चालत गेला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. त्याला ती दिसतच नव्हती.

यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. शर्ट काढून नर्स अंग धूत होत्या तरी त्या औषधाचा वास खोलीभर होता. डॉक्टरांनी विचारलं, एका पंपाला किती टाकलं? भावाची जीभ जड झाली होती, पण उत्तर लगेच आलं. "एकच झाकण. मले पक्कं आठवते."

भावजयीनं माझ्याकडं पाहिलं. बाटली सकाळीच फोडली होती आणि ती जवळजवळ संपली होती. तेव्हा मला कळलं. आधी तो विसरायचा, पण आपण विसरतो हे त्याला माहीत असायचं. विचारायचा, थांबायचा, धुऱ्याकडं बघायचा. आता त्याला शंकाच येत नव्हती.

तो वाचला. घरी आला तेव्हा हात कापायचा, उजेड सहन व्हायचा नाही. डॉक्टरांनी औषधाच्या जवळपास जायला बंदी केली होती. त्यानं थोडे दिवस ऐकलं. मग बोंडअळी दिसली, फवारायला मजूर मिळेना आणि एका सकाळी भावजयीचा फोन आला, "ताई, ते पंप घिऊन गेलेच. म्या हात जोडले, आयकून नाई राह्यले."

मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि गाडी काढली. पोहोचले तेव्हा तो विहिरीजवळ पंप भरत होता. मला बघून म्हणाला, "आली का राखण कराले?" मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. त्यानं झाकण भरलं, पंपात ओतलं, दांडीनं ढवळलं. सगळं नीट. मग तोंडाला बांधायचा रुमाल बाभळीवर टांगला होता तो आणायला गेला. बांधत बांधत परत आला, खाली बसला आणि बाटलीचं झाकण फिरवायला लागला.

"टाकलं तू."

"नाई टाकलं."

"आत्ता, माह्या डोयासमोर टाकलं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पडद्याकडं बघायचा तसं, शांत, अगदी खात्रीनं. "ताई, तुलेच आठवत नाई," तो म्हणाला.

मी बाटली धरली. त्यानंही धरली. त्याचा हात आता कापत नव्हता. मी ओढत होते, ओरडत होते, पण त्यानं ती सोडली नाही.