टबातल्या दोन डिग्री

बुड... बुड... बुड. नवीन राज्य झालं तेव्हा ऐकलेला बरणीतल्या बुडबुड्यांचा हा आवाज अजून कानात आहे. रायपूरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत अटेंडंट होतो. बरण्या धुता धुता किस्से साठत जातात. माझ्याकडचे सगळे काळे सरांचे.

सर बूढ़ापाऱ्यात राहायचे, फिजिक्स शिकवायचे. सूर्यात अणू जुळतात आणि उष्णता निघते. तेच काम थंड पाण्यात करायचं, हा त्यांचा ध्यास. बरणीत खास पाणी, त्यात पॅलेडियमची तार, तारेत वीज. बरणी पाण्याच्या टबात ठेवलेली. टब तापला की जिंकलो!

एका हिवाळ्यात टब दोन डिग्री तापला. पुन्हा कधीच नाही! मग सर त्या दोन डिग्रींचं कारण शोधत बसले.

*

मी विचारलं, "सर, अणू एकमेकांले ढकलते म्हणता. मग जुळते कसे?"

"गुलाब, बीरगांवच्या ऑटोत बारा जण कोंबले, का भांडणारे दोघंही एकमेकाच्या मांडीवर बसते. तार म्हणजे ऑटो!"

केमिस्ट्रीचे तिवारी सर दारातूनच म्हणाले, "बैठते हैं भैया, पर शादी नहीं कर लेते!"

*

पुढच्या महिन्यात ऑटो गेला, मावशी आली.

"रुसलेल्या दोन भावांच्या मधात मावशी बसते, तसा इलेक्ट्रॉन बसते. मग भाऊ जवळ येते."

तिवारी सर म्हणाले, "हमारी मौसी हल्की है, कोई नहीं सुनता!"

काळे सरांनी गंभीरपणे वहीत लिहिलं : इलेक्ट्रॉन जड हवा.

*

एकदा तिवारी सरांनी अडवलंच. "इतने अणु जुड़ते, तो किरणों से आप दोनों मर नहीं जाते?"

"वरातीत धक्का सगळ्यांत वाटला जाते, म्हणून कोणी पडत नाही. इथंही तसंच!"

"और गुलाब?"

"हव, मी पण वरातीतच आहो," मी म्हणालो.

*

सर रिटायर व्हायच्या आठवड्यात तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये त्यांचं भाषण ठरलं. आयुष्यातलं पहिलं. सकाळी त्यांनी माझ्यासमोर सराव केला.

"...आणि त्या दिवशी टबाले बाहेरून कोणतीच गर्मी दिली नव्हती."

मी फडकं खाली ठेवलं.

"सर, त्या दिवशी लई गारठा होता. थर्मामीटर लावाले तुमचे हात टबात जात अन् गारठत. म्हणून मी किटलीतलं गरम पाणी टाकलं होतं. थोडंसंच."

"काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही, सर. अन् त्या दिवशी तुम्ही मले मिठी मारली होती."

सरांनी टबात हात बुडवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्या फडक्याला पुसला, भाषणाचे कागद उचलले, आणि पायऱ्या उतरून हॉलकडे निघाले.