गुडघ्याची सूट

माघ वद्य द्वितीया, मंगळवार. सकाळची तालीम, गिरणीच्या भोंग्याआधी. हजर: वस्ताद, गडी अकरा, तेलाच्या दुकानाचे अप्पा आणि मी. गैरहजर एक, मावसबहिणीच्या लग्नाला माळशिरसला गेला आहे. मैदान झाडलं, पाणी मारलं, रेघा आखल्या.

त्या वर्षीच्या तालमीची माझ्या वहीतली पहिली नोंद ही. चैत्रातले सामने दोन महिन्यांवर आले होते.

आमच्या पेठेच्या हुतुतूच्या संघात मी कधीच नव्हतो. मी गिरणीत हजेरी कारकून. लहानपणापासून चष्मा, त्यामुळे गल्लीतल्या पोरांनीही मला कधी गड्यांत घेतलं नाही. पण सामने बघायची ओढ लागली ती सुटली नाही, आणि नुसतं कडेला उभं राहून बघणं मला जमत नाही. म्हणून मी तालमीची हजेरी ठेवू लागलो. मग कोण उशिरा आला, कोणाचा पाय मुरगळला, कोण पकडीत कच्चा पडतो, तेही लिहू लागलो. वस्ताद आधी हसले. दोन वर्षांनी तेच गड्यांना ‘वहीत काय आहे ते बघ’ म्हणू लागले.

मागची तीन वर्षं आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत जाऊन करकंबच्या संघाकडून हरलो होतो. ते उसाच्या शेतात वाढलेले गडी. मनगट त्यांच्या हातात सापडलं की सुटका नाही. त्यांना पुरून उरेल असा आमच्याकडे एकच गडी होता. तो मूळचा वळसंगचा, आमच्याच गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात कामाला. अंगानं किरकोळ. पण चढाईला गेला की घाई म्हणून करायचा नाही. समोरच्यांच्या अंगणात असा फिरायचा, जसा काही बाजारात भाजी बघतोय. आवाज एकसारखा चाललेला. समोरच्यांचा धीर सुटायचा, याचा दम सुटायचा नाही. मग कुणीतरी उतावळा होऊन अंगावर यायचा आणि बाद व्हायचा.

आमच्या तालमीत दम घड्याळानं मोजत नसत. गडी मधल्या रेघेवर उभा राहून हुतुतू सुरू करी, आणि त्याच वेळी वस्ताद मैदानाच्या कडेनं चालू लागत. आवाज तुटला की वस्ताद थांबत. जितकी पावलं, तितका दम. वस्तादांच्या गुरूंनी असाच मोजला होता. मी एकदा गिरणीतलं घड्याळ मागून आणू का, असं विचारलं होतं.

‘गिरणीचं घड्याळ गिरणीतच राहू द्या, हजेरीमास्तर,’ वस्ताद म्हणाले. ‘इथं माझे पाय आहेत.’

बाकीच्या गड्यांचा दम छत्तीस ते चाळीस पावलांचा. वळसंगच्या गड्याचा मागच्या चैत्रात छप्पन्न होता. त्या वर्षी माघात पहिल्या दिवशी तो एक्कावन्न भरला. थंडीत छाती आखडते, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात एकोणपन्नास. मग सत्तेचाळीस. आता मला रात्री जेवण गोड लागेना. वहीतल्या बाकी सगळ्या गोष्टी जागेवर होत्या. पकड सुधारली होती, गैरहजेरी कमी झाली होती. पण या एका आकड्यावाचून त्यांचा काही उपयोग नव्हता.

उत्तर अप्पांनी काढलं. अप्पा रोज दुकान उघडायच्या आधी कपाळाला विभूती लावून तालमीला येत आणि दगडावर बसून सगळ्यांच्या खोड्या काढत. त्या थंडीत वस्तादांचा उजवा गुडघा धरला होता. फडकं बांधून ते चालत.

‘वस्ताद, तुमचा गुडघा गंजलाय की,’ अप्पा म्हणाले. ‘चाल लई मंदावली. चाल मंद झाली तर पावलं कमीच भरणार. गड्याचा काय दोष?’

‘तेल तुमच्याच दुकानातलं लावतोय, अप्पा.’

‘मग दुसऱ्याच्या दुकानातलं लावून बघा. मी कुणाला सांगत नाही.’

सगळे हसले. वळसंगचा गडीही हसला. मला मात्र एकदम हलकं वाटलं. हिशेब बरोबर होता. माणूस हळू चालला तर तेवढ्याच वेळात त्याची पावलं कमी पडतात. मी त्याच सकाळी ठरवून टाकलं की वस्तादांचा गुडघा बरा होईपर्यंत प्रत्येकाच्या मोजणीत पाच पावलांची सूट मिळवायची. वस्तादांनाही ते पटलं. मी मोजलेला आकडा पेन्सिलीनं लिहू लागलो आणि शेजारी सूट मिळवून शाईनं.

शाईचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले जात. अडतीसवाला त्रेचाळीस झाला, चाळीसवाला पंचेचाळीस. गड्यांच्या अंगात वारं संचारलं. एक हातमागवाला गडी घरी जाऊन तेलुगूत आईला सांगून आला की आपला दम वाढला, तेव्हा तिनं दुधाचा रतीब वाढवला. इतकी जोरकस तालीम आमच्या मैदानानं पाहिली नसेल. मी घरी निघताना मनातल्या मनात शेवटच्या सामन्यात कोण कुठं उभा राहील ते मांडत असे.

होळीच्या दिवशी तालीम नव्हती. मी घरी बसून वहीतले आकडे स्वच्छ कागदावर उतरवत होतो. एकेका गड्याचा एकेक रकाना, पेन्सिलीचे आकडे आधी. तिसऱ्या रकान्याला माझा हात थांबला. मागच्या वर्षीचा कागद काढून शेजारी ठेवला. बाकीच्या सगळ्यांचे पेन्सिलीचे आकडे मागच्या वर्षीइतकेच होते. कुणाचा एक कमी, कुणाचा एक जास्त. वस्तादांची चाल मंदावली असती तर सगळेच रकाने खाली यायला हवे होते. खाली आला होता एकच. एक्कावन्न, एकोणपन्नास, सत्तेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस.

मी सगळं पुन्हा एकदा उतरवून पाहिलं. पुरणाची पोळी ताटात गार झाली.

धुळवडीनंतर गिरणी सुटल्यावर मी त्याला मागच्या भिंतीकडे बोलावलं आणि म्हटलं, ‘दम लाव. मी चालतो.’ त्याच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी धूळ बसली होती. त्यानं आवाज लावला. मी माझ्या धडधाकट पायांनी चाललो. एक्केचाळीस पावलं झाली आणि तो खोकू लागला. खोकला थांबायला दम लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘पावसाळ्यापासनं. सकाळच्या पारी छाती भरल्यागत हुतीया. गुळाचा खडा खाल्ला की जरा मोकळं वाटतं.’

‘वस्तादांना सांगितलंस?’

‘न्हाय. तुमीबी सांगू नगा, भाऊसाहेब. वस्ताद गुडघ्याला बोल लावत्यात तर लावू द्या की. चैत पार पडू द्या. गावाकडनं समदी येणार हायती बघाय.’ तो भिंतीला टेकला. मग खाली बघत म्हणाला, ‘दुसऱ्या खात्यात कुटं जागा निगंल का? जितं धूळ न्हाय असं. तुमच्या वहीत असतंय की समदं.’

‘बघतो,’ मी म्हणालो.

आठ दिवसांतच जागा निघाली. घडी खात्यात, जिथं तयार कापडाच्या घड्या घालतात. मोठ्या खिडक्या, बसून काम, धुळीचा कण नाही. रिकाम्या जागेचा कागद सगळ्यांत आधी माझ्या मेजावर येई आणि मी सुचवलेलं नाव सहसा साहेब बदलत नसत. पण ती जागा दुसऱ्या पाळीची होती. दुपारी आत गेलेला माणूस रात्री बाहेर येणार. तालीम सकाळची, ती चुकली नसती. सामने संध्याकाळचे, ते सगळे चुकले असते.

नाव बुधवारी द्यायचं होतं. मी माझ्या सवयीप्रमाणे कागदाच्या दोन बाजू केल्या. एका बाजूला लिहिलं: खोकला. दुसऱ्या बाजूला बरंच लिहिता आलं. तो स्वतःच चैत्र पार पडू द्या म्हणाला आहे. तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे. आजवर एक जागा निघाली, पुढेही निघेल. गावाकडची माणसं येणार आहेत. बुधवारी मी दुसऱ्या एका कामगाराचं नाव दिलं. तोही गरजू होता, हे मी स्वतःला बजावलं. वळसंगच्या गड्याला जागेबद्दल काही सांगितलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. सकाळी तालमीत तो माझ्याकडे बघून मान हलवी, इतकंच.

वहीतली सूट मी तशीच चालू ठेवली.

पुढचे दिवस मी बातम्यांवर काढले. बाजारात माल घ्यायला आलेल्या कुणाकडून तरी अप्पांनी ऐकलं की करकंबचा मुख्य गडी ऊस तोडताना पाय कापून घरी बसला आहे. मी ते दोनदा विचारून घेतलं. त्या दिवशी मला भूक लागली. वळसंगच्या गड्यासाठी मी घरून तूप-गूळ नेऊ लागलो. त्याचा दम एक दिवस बेचाळीस भरला तेव्हा मला वाटलं, आता वर चढणार. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. शाईनं लिहिलं चव्वेचाळीस. त्यानंतर मी कधी पाचऐवजी सात मिळवले, कधी नऊ. ते कुणी तपासत नव्हतं.

चैत्रात आम्ही शेवटच्या सामन्याला पोचलो. समोर करकंबच. पाय कापलेला म्हणून ऐकलेला गडी आपल्या दोन्ही पायांवर ठणठणीत उभा होता. वळसंगची माणसं सकाळपासून मैदानाच्या एका बाजूला भाकरीची गाठोडी घेऊन बसली होती.

गुण अगदी बरोबरीत आले. त्यांचे तीन गडी उरले होते, आमचे दोन. वस्तादांनी वळसंगच्या गड्याला जवळ बोलावलं आणि मग माझ्याकडे वळले.

‘शेवटचा आकडा किती आहे?’

त्यांना ठरवायचं होतं की त्याला मागच्या रेघेपर्यंत आत पाठवायचं, की कडेकडेनं खेळवून परत आणायचं. तो गडी माझ्याकडे बघत होता. वही माझ्या हातात उघडी होती.

‘अठ्ठेचाळीस,’ मी म्हणालो.

‘मग जा आत,’ वस्ताद त्याला म्हणाले. ‘घाई करू नको. दमव त्यांना.’

तो गेला. तसाच सावकाश, बाजारात फिरल्यासारखा. मी उभ्या जागी पाय हलवून पावलं मोजत होतो. तिसाला तो मागच्या रेघेजवळ होता. छत्तीसला आवाज बारीक झाला. अडतीसला तुटला. त्याला पकडावंही लागलं नाही. करकंबच्या सगळ्यांत लहान गड्यानं येऊन खांद्याला हात लावला, आणि तो जागच्या जागी खाली बसला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, ‘बाजाराला आला होतास व्हय रं?’ थोडा हशा पिकला. मग त्याचा खोकला ऐकू येऊ लागला तसा तोही थांबला. करकंबच्या त्या मुख्य गड्यानं त्याची पाठ धरली, पाणी मागवलं आणि आपल्याच माणसांना म्हणाला, ‘आरं, मागं सरा. वारा लागू द्या त्येला.’ वळसंगची माणसं उठली नाहीत. बसूनच राहिली.

सामना गेला, आम्ही परत निघालो. वस्तादांचा गुडघा दुखत होता, म्हणून अप्पांनी त्यांचा हात धरला होता. एका वळणावर वस्ताद थांबले.

‘चूक माझी आहे,’ ते म्हणाले. ‘मोजमाप माझ्या पायांचं. पाय बिघडले तेव्हाच मी बाजूला व्हायला पाहिजे होतं. पोराला उगाच खोल पाठवलं.’

अप्पा म्हणाले, ‘सोडा हो वस्ताद, आता काय.’ आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी धीराचं बोलेन म्हणून. मी बोललो नाही. पुढच्या वर्षापासून वस्तादांनी दम मोजायला चालणं सोडलं. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी ते घेतलं.

वळसंगच्या गड्यानं ज्येष्ठात गिरणी सोडली. नाव कमी करण्याचा कागद मीच लिहिला. मी पाहत होतो, पण त्या दोन महिन्यांत दुसरी कुठली जागा निघाली नाही. आता तो गावी भावाकडे असतो. पेरणीचं काम त्याच्यानं होत नाही. बांधावर बसून पाखरं राखतो. वळसंगहून बाजाराला येणारा त्याचा एक भाऊबंद गिरणीच्या फाटकाशी मला भेटतो. दोनदा त्यानं निरोप आणला. दोन्ही वेळा निरोप एकच: ‘भाऊसाहेबांस्नी म्हणावं, बिनधुळीची जागा निगाली तर कळवा. मी यीन.’

निरोपाला मी उत्तर पाठवलेलं नाही. हे निरोपानं सांगण्यासारखं नाही. समोर बसून सांगायला हवं की जागा निघाली होती, कधी निघाली होती, आणि तिथं कुणाचं नाव गेलं. मग वस्तादांकडेही जायला हवं, पण आधी त्याच्याकडे.

वळसंगची मोटार सकाळी सुटते. दुपारपर्यंत परत येता येतं. या रविवारच्या यादीत तीन कामं होती. छत्रीची काडी बसवून आणली. धाकट्या मुलाच्या शाळेतल्या मास्तरांना त्यांच्या घरी जाऊन भेटलो. वळसंग राहिलं आहे.