निळं पाणी

आमच्या दाजींइतका माणसाच्या पायांकडे बघणारा माणूस सबंध निजामाच्या राज्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घनसावंगीच्या बाजूला ओढ्याच्या पलीकडे त्यांचा पानमळा होता आणि अलीकडे माझा. कोणी भेटलं की त्यांची नजर आधी खाली जायची, पावलांना कुठला चिखल लागलाय ते बघायची आणि मग सावकाश चढत चढत तोंडापर्यंत पोचायची. तोवर समोरच्याचा रामराम घालून संपलेला असे. अक्का म्हणायची, "मला बघायला आल्ते तवा तोंड पाह्यलंच न्हाई ह्यांनी. पाय स्वच्छ दिसले अन् हो म्हणून बसले."

याचं मूळ होतं वेलाच्या कुजीत. पानवेलीला ती लागली की जमिनीलगत बूड काळं पडतं, बोटानं दाबलं तर पाणी सुटतं, नासका वास येतो. वर पानं मात्र काही दिवस हिरवीगार असतात. मग एका सकाळी सगळा वेल मान टाकतो. आमच्याकडे मळा देवघरासारखा, आत जोडा घालून जायचं नाही. त्यामुळे कूज आली की कोण विटाळ घेऊन आत गेलं याचा शोध सुरू व्हायचा, आणि तो फिरून फिरून घरातल्या एखाद्या बाईपाशीच थांबायचा. दाजी एकदा परभणीकडच्या सरकारी शेतावर जाऊन आले. तिथल्या कुणा साहेबानं त्यांना सांगितलं की ही बुरशी आहे, ती चिखलातून चालते आणि साचलेल्या पाण्यात वाढते. झालं! "विटाळ बाईला न्हाई, चिखलाला असतोय," असं ते देवळाच्या पारावर बसून म्हणू लागले, आणि मळ्याच्या दाराशी एक दगडी डोणी आली. तिच्यात मोरचुदाचं निळं पाणी. अनवाणी आलेल्या प्रत्येकानं तिच्यात पाय बुडवून उभं राहायचं, मगच आत. गावात कुणाचे तळवे निळसर दिसले की हा दाजींकडून आला हे न सांगता कळायचं. एकदा महसुलाचे गिरदावरसाहेब बूट घालून तपासणीला आले. दाजींनी हात जोडले आणि म्हणाले, "साब, पाँव भिगोना पडता." साहेब भडकले, ओरडले, आणि शेवटी पाटलून गुडघ्यापर्यंत वर धरून डोणीत उभे राहिले.

औषध करण्याचा दिवस म्हणजे घरात कार्य असल्यासारखा. एका माठात मोरचूद, दुसऱ्यात चुना, दोन्ही तिसऱ्यात ओतायचं आणि त्यात घासलेला विळा बुडवायचा. विळ्यावर तांबूस झाक आली की दाजी म्हणत, "अजून चुना मागून राह्यलंय." झाक येईनाशी झाली की त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी पसंत पडल्याचा आनंद. कुजका वेल ते मुळासकट, भोवतीच्या मातीसकट काढून बांधाबाहेर जाळत, मग आंघोळ करत आणि त्या वेळचं जेवण सोडत. "सासरे गेले तवा एवढं रडले न्हाईत," अक्का म्हणायची. हे तिनं त्यांच्या तोंडावर म्हणावं आणि त्यांनी मान डोलवावी, असा तो संसार.

एका लग्नात, पंगतीत, त्यांनी मला सगळ्यांदेखत सांगितलं की तुमच्या मळ्याचा चर बुजलाय, बुडाशी पाणी साचून राह्यलंय, वेल जातील. मला राग आला. मी म्हणालो, "दाजी, मांडवाच्या दाराशी पण डोणी ठेवायची. नवरदेव तसाच आत आला की." पंगत हसली. दाजीही हसले, पण जरा उशिरा.

पुढच्याच पावसाळ्यात माझ्या मळ्याच्या एका कोपऱ्यात कूज शिरली. मी नुसता ओढा ओलांडला असता तर दाजी माठ घेऊन धावत आले असते. मी गेलो नाही. लोकांनी माझ्या बायकोला बोल लावू नये म्हणून गप्प राहिलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. त्या हसण्यानंतर त्यांच्या डोणीत पाय घालायची मला लाज वाटत होती, एवढंच.

त्याच वेळी दाजींनी मळा वाढवायला घेतला. आमच्याकडे नव्या लागणीची पहिली ओळ बायकोच्या माहेरच्या वेलाची असते. भाऊ बहिणीच्या ओटीत बेणं घालतो. नाही म्हणावं तर सगळं उघडं पडणार. मी त्यातल्या त्यात हिरव्या वेलांचे तुकडे कापले. ओटी घेताना अक्कानं विचारलं, "भाऊ, मळा बरा हाय ना?"

"बिलकुल," मी म्हणालो. अक्काला माझं हे खोटं आज, इथं, पहिल्यांदा कळेल.

ओटी पोचवायला मी तिच्याबरोबर गेलो. दाराशी दाजींनी माझे पाय पाहिले, डोणी दाखवली; मी निमूट उभा राहिलो. सरकारी शेतावरून आणलेलं बेणंसुद्धा हा माणूस निळ्या पाण्यात बुडवल्याशिवाय लावत नसे. अक्काच्या पदराकडे त्यांचा हात गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"माहेरची ओटी हाय," ते म्हणाले. "तिला कसं धुवायचं?"

माझे पाय पाण्यात होते आणि तोंड बंद होतं. पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लावली.

कूज त्या ओळीपासूनच सुरू झाली. दाजींनी चर खणले, वेल उपटले, जाळले. रझाकारांच्या धास्तीचे दिवस होते ते, जालन्याहून मोरचूद येईना. पाऊस थांबेना. दिवाळीपर्यंत जुना मळाही गेला. मग गावानं नेहमीचा शोध घेतला आणि तो अक्कापाशी येऊन थांबला; ओटी घेऊन तीच तर आत गेली होती. दाजी पारावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चर मीच उथळ काढला. चूक माझी हाय. तिचं नाव घ्यायचं न्हाई." तिथंही मी होतो. तिथंही मी काही बोललो नाही.

नंतर एकदा भेटायला गेलो. आधाराला लावलेल्या शेवरीचे जळके बुंधे उभे होते. दाराशी डोणी मात्र भरलेली. आम्ही बसलो, इकडचं तिकडचं बोललो. निघताना दाजी म्हणाले, "पाव्हणं, पाय बुडवून जा."

"आता कशाला, दाजी? मळा तर..."

"येताना न्हाई सांगितलं. जाताना सांगून राह्यलो. हितला चिखल तुमच्या मळ्यात जायला नको."

मी डोणीत उभा राहिलो. पाणी थंड होतं. त्या दिवशी दाजी माझ्या पायांकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते. खाली बघत होतो तो मी.