एका टाकीत तीन फेऱ्या

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीला आत झाडं हवी होती. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईबाबांकडे राहायचे आणि मेहरौलीच्या पलीकडे भाड्याच्या जमिनीवर नर्सरी चालवायचे. ऑफिसांना कुंड्या पुरवायच्या, आठवड्याने बदलून आणायच्या. त्यासाठी एक जुनी पेट्रोलवरची पिकअप घेतली आणि तिला सीएनजीचं किट बसवून घेतलं. डॅशबोर्डवर एक खटका होता. वर केला की पेट्रोल, खाली केला की गॅस.

गाडीवर पन्नाशीचे हरियाणवी ड्रायव्हर होते. मी त्यांना चाचा म्हणायचे. वीस वर्षं डिझेलचा ट्रक चालवलेला माणूस, गॅसवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जरा चढ आला की खटका वर.

"गॅस में दम नहीं होता, मॅडमजी," ते म्हणायचे.

पहिल्या महिन्यात अ‍ॅव्हरेज किलोला आठ-नऊ किलोमीटर पडलं. टाकीत मावायचा जेमतेम दहा किलो गॅस, म्हणजे गुडगावच्या दोन फेऱ्या. तिसरीला गॅस नाही. गुडगावात तेव्हा गॅसचा पंप नव्हता. दिल्लीत परत यायचं आणि रिक्षा-बसच्या मागे दोन-तीन तास रांगेत उभं राहायचं. सगळा दिवस पंपावरच जायचा.

एका रविवारी बाबा आमच्याबरोबर आले. मंत्रालयात आकडेमोडीचंच काम करत असल्यामुळे त्यांना अशा गोष्टीत रस. घरी आल्यावर चहा घेता घेता म्हणाले, "चाचा गाडी चालवत नाहीत, पळवतात. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तरी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच. तुझा निम्मा गॅस ब्रेक मारण्यात जातोय."

दुसऱ्या दिवशी मी हे चाचांना जमेल तितक्या नरमाईने सांगितलं. ते हसले. "तो आप चला के दिखाओ."

मला स्कूटरपलीकडे काही येत नव्हतं. पण शब्द मनाला लागला. दोन महिने त्यांच्याकडूनच पिकअप शिकले. मग आमची शर्यत सुरू झाली: एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा, रस्ता तोच, माल तेवढाच. मी लांबूनच पाय काढायचे, लवकर वरचा गिअर टाकायचे, माल उतरेपर्यंत इंजिन बंद ठेवायचे. तिसऱ्या आठवड्यात माझं अ‍ॅव्हरेज अकराच्या वर गेलं. चाचांनी काटा स्वतः दोनदा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून तेही लांबूनच पाय काढायला लागले.

बाकीचं झाडांनी शिकवलं. आम्ही सकाळी सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी घालून मग त्या गाडीत चढवत होतो, म्हणजे एवढं पाणी गुडगावला वाहून नेत होतो. ते बंद केलं आणि उतरवल्यावर पाणी घालायला लागलो. मातीच्या कुंड्या जाऊन हलक्या प्लॅस्टिकच्या आल्या. उंच पाम उभे नेले की वारा अडवायचे. ते गोणपाटात गुंडाळून आडवे ठेवायला लागलो. चाकांतली हवा दर सोमवारी तपासली. अ‍ॅव्हरेज तेराच्या आसपास आलं.

त्याच सुमारास एका मोठ्या ऑफिसच्या व्यवस्थापकांना भेटायला गेले. ते मुंबईचे, मी मराठी आहे कळल्यावर खूश झाले, पण कामाचं निघताच म्हणाले, "गॅसची गाडी ना? अर्धा दिवस रांगेत उभी असणार, यार. मला उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तीन फेऱ्यांचा माल संध्याकाळी पाचच्या आत हवाय."

"एका टाकीत तीन फेऱ्या होतात," मी म्हणाले. तोपर्यंत आम्ही एकदाही केल्या नव्हत्या.

पेट्रोलवर केल्या असत्या तर मी सांगितलेल्या भावात काम परवडलंच नसतं. त्या दिवशी पहाटेच पंपावर गेलो, कारण गर्दी नसली की दाब चांगला मिळतो आणि टाकी पूर्ण भरते. पहिली फेरी मी केली, दुसरी चाचांनी. तिसरीला मी पुन्हा चाकावर बसले. आया नगरच्या चढावर मागे भरलेला हौदा, पुढे ट्रॅक्टर, आणि गॅस संपत आल्याचा लाल दिवा लागला.

माझा हात खटक्याकडे गेला. चाचांनी त्यावर आपला पंजा ठेवला.

"रहने दो. चढ जाएगी. बस गिअर मत बदलना."

मी गिअर बदलला नाही. ट्रॅक्टरच्या मागे मुकाट्याने, एकाच चालीने गाडी चढत राहिली, आणि चढ संपल्यावर मी पाय काढला तेव्हा कुठे लक्षात आलं की माझे खांदे आखडलेत.

शेवटची कुंडी लॉबीत ठेवली तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. व्यवस्थापक जिन्यावरून खाली आले, घड्याळ पाहिलं, रांगेतल्या पामांची पानं पाहिली. एकही तुटलेलं नव्हतं. "पेट्रोल किती लागलं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी गाडी सुरू करण्यापुरतं," मी म्हणाले. त्यांनी वर्षभराचं काम दिलं आणि शेजारच्या दोन इमारतींसाठी शिफारशीची चिठ्ठीही लिहून दिली.

परत येताना हौदा रिकामा होता. चाचांनी माझ्याकडून चावी मागून घेतली आणि इतक्या हळुवारपणे चालवली की मी त्यांना तसं चालवताना कधी पाहिलं नव्हतं. दिल्लीच्या पंपावर पोचलो तेव्हाही गाडी गॅसवरच होती. आमच्या मागे एक रिक्षावाला उभा होता. चाचा उतरले, छाती पुढे काढून त्याच्याकडे गेले आणि आमची मॅडम एका टाकीत गुडगावच्या तीन फेऱ्या कशा करते, ते कुंड्यांच्या पाण्यापासून सगळं सांगायला लागले.