हिरव्या खुणेखालचं नाव

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे सासूबाई म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि तेही तोंडावर, कारण पाठीमागे बोलायची मला सवय नाही. माझा एक कागद त्यांनी तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा मी चिडून म्हणाले की माझ्या खऱ्या सासूनेसुद्धा माझ्या स्वयंपाकात एवढ्या खोड्या काढल्या नाहीत. त्या मनापासून हसल्या आणि कागद चौथ्यांदाही परत पाठवला.

आमची कंपनी सांडपाण्याच्या मोठमोठ्या टाक्या साफ करून देते. कारखान्यांच्या, दवाखान्यांच्या, मोठ्या इमारतींच्या. प्रत्यक्ष काम टोळ्या करतात आणि ते कोणत्या क्रमाने करायचं हे आम्ही तिसऱ्या मजल्यावर बसून लिहितो. पूर्वी खरोखरचे कागद फिरायचे, आता सगळं कॉम्प्युटरवर आलं, तरी आम्ही आपले त्याला कागदच म्हणतो. एकाने लिहायचा, मग तो सहा जणांकडे एकामागून एक जातो. प्रत्येकापुढे दोन बटणं असतात, ‘मंजूर’ आणि ‘परत’. मंजूर दाबलं की नावापुढे हिरवी खूण उमटते. सहा खुणा झाल्या की कागद टोळीच्या मुकादमाच्या फोनवर पोहोचतो आणि त्यात लिहिलंय तसा माणूस टाकीत उतरतो. बंद टाकीत विषारी वायू साठलेला असतो. त्याला वास असेलच असं नाही, आणि सावरायला तो वेळ देईलच असंही नाही.

या सहा जणांत सासूबाई पहिल्या. त्यांचं वाचणं बघण्यासारखं असतं. ओठ हलतात आणि उजवा हात टेबलाच्या वर हवेत काम करत राहतो. ‘झाकण उघडा’ आलं की हात झाकण उघडतो, ‘दोरी सोडा’ आलं की दोरी सोडतो. मी शेजारच्याच टेबलावर बसते, त्यामुळे सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. मग एकदा माझा कागद शेरा घेऊन परत आला: ‘माणसाला हात दोन आहेत, तुम्ही एका वेळी तीन कामं दिली आहेत.’ तेव्हापासून मी हसणं सोडलं. घरीही त्यांचं हेच. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा चिठोरा पूर्ण वाचल्याशिवाय त्या कुणाला गोळी घेऊ देत नाहीत. त्यांचे यजमान एकदा ऑफिसात आले होते, ते म्हणाले की मलाही दोनदा परत पाठवूनच मंजूर केलंय.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की पुढचे पाच जण निर्धास्त झाले. सासूबाईंची खूण दिसली की साहेबांपासून सगळे डोळे मिटून बटण दाबायचे. ज्या चाळणीतून खडा जात नाही तिच्याखाली कशाला हात धरायचा, असा त्यांचा हिशोब.

त्यातच वरच्या लोकांना एक अवदसा आठवली. भिंतीवर मोठा पडदा लावला आणि कुणाकडे किती कागद अडकलेत ते लाल आकड्यांत दाखवायला सुरुवात केली. सासूबाईंचं नाव कायम पहिलं. जाणारा-येणारा बघायचा. घाई करणाऱ्यांसाठी सिस्टिममध्ये एक सोय आहे: जुन्या कागदात जेवढं बदललं असेल तेवढं पिवळं दिसतं. बाकीचे वाचलंच तर पिवळंच वाचतात. सासूबाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. पण त्या आठवड्यात, त्या लाल आकड्याखाली, त्यांनी एका कागदाचं फक्त पिवळं वाचलं. कमरेला बांधायचा नवीन पट्टा आला होता, त्याच्याबद्दलच्या दोन-चार ओळी. त्यात काही वावगं नव्हतं. त्यांनी मंजूर केलं आणि पुढच्या पाच जणांनीही ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कामाचा, पण दुसऱ्या कारखान्याचा कागद आला. कालच्यावरूनच तयार केलेला, पण सिस्टिमच्या दृष्टीने नवा, म्हणून त्यात पिवळं काहीच नाही. सासूबाई नेहमीसारख्या वाचायला लागल्या. हाताने झाकण उघडलं, पट्टा बांधला, शिडी लावली. मग हात शिडी उतरायला लागला आणि मध्येच थांबला.

‘हवा तपासा’ ही पायरी पहिला माणूस उतरल्यानंतर आली होती. विषारी वायू असला की ओरडणारं यंत्र दोरीला बांधून आधी आत सोडायचं, ते शांत राहिलं तरच माणूस सोडायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली अक्कल. लिहिणाऱ्याने पट्ट्याच्या ओळींसाठी जागा करताना ती पायरी उचलून खाली ठेवली होती. शब्द एकही बदलला नव्हता, फक्त जागा बदलली होती, आणि आमची सिस्टिम बदललेले शब्द रंगवते, बदललेली जागा रंगवत नाही. त्यांनी कालचा कागद उघडला. तिथेही तेच, आणि वर त्यांची हिरवी खूण.

त्यांनी काही शोधलं नाही, कुणाला विचारलं नाही, सरळ त्या कामाच्या मुकादमाला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मुकादम म्हणाला की कामच चालू आहे, त्याचा धाकटा भाऊ आत्ताच शिडीवर गेलाय.

“त्याला वर घ्या. आत्ता. कारण नंतर सांगते.”

पुढे आम्ही फक्त ऐकत होतो. मुकादमाची हाक, पत्र्यावर बुटांचे आवाज, कुणीतरी ओढ ओढ म्हणतंय. खोलीतली माणसं एकेक करून आमच्या टेबलाभोवती येऊन उभी राहिली. मग एक तरणा आवाज ऐकू आला, काय झालं म्हणून वैतागून विचारणारा. इतका गोड वैताग मी आयुष्यात ऐकला नाही. सासूबाईंनी मुकादमाला यंत्र आत सोडायला सांगितलं. थोड्याच वेळात ते फोनमधून आमच्यापर्यंत किंचाळायला लागलं आणि थांबेचना.

बऱ्याच वेळाने मुकादम परत फोनवर आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

“बाई, आम्ही जन्मभर आधी हवा बघत आलो. कागदात उलटं होतं, मला खटकलं. पण तुमचं नाव होतं त्यावर. म्हटलं, नवा पट्टा आलाय, बाईंनी काहीतरी विचार केला असेल.”

सासूबाईंनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. आमच्या सिस्टिममध्ये कोपऱ्यात एक बटण आहे, ‘दिलेली मंजुरी मागे घ्या’. ते दाबलं की त्या पद्धतीने चाललेली सगळीकडची कामं थांबतात आणि कारण लिहावं लागतं, जे साहेबांपासून मुकादमांपर्यंत सगळ्यांना दिसतं. ते बटण दाबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दाबलं आणि लिहिलं: ‘मी फक्त पिवळं वाचलं. हवा तपासण्याची पायरी खाली सरकली, ती मी पाहिली नाही. चूक माझी आहे.’

साहेब धावत आले. माणूस वाईट नाही, घाबरला होता. म्हणाला, एवढं उघड कशाला लिहायचं, दोष सिस्टिमचाच आहे, कारणात ‘तांत्रिक अडचण’ घाला.

“तांत्रिक अडचण टाकीत उतरत नव्हती, साहेब,” त्या म्हणाल्या. “माणूस उतरत होता.”

आवाज चढवला नाही, उठल्याही नाहीत. मला भांडता येतं, चारचौघांत कुणाचीही खरडपट्टी काढता येते, पण सगळ्यांना दिसेल असं स्वतःचं नाव खाली ओढायला जे लागतं ते माझ्यात नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला खरंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

वाक्य तसंच राहिलं. भिंतीवरचा पडदा मात्र त्याच आठवड्यात उतरला. पुढचे पाच जण आता खाली मान घालून वाचतात, आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकांशी पायऱ्यांवरून वाद घालतात. सासूबाईंचं तेवढ्याने समाधान झालं नाही. सहा नावांनंतर सातवं नाव मुकादमाचं हवं आणि त्याच्याकडेही ‘परत’चं बटण हवं, म्हणून त्या साहेबांच्या मागे लागल्या. कॉम्प्युटरवाले म्हणाले, मुकादम काय मंजुरी देणार. सासूबाईंनी त्यांना टाकी बघायला नेलं, झाकण उघडून आत वाकून बघायला लावलं. परतल्यावर त्यांनी मुकाट्याने काम करून दिलं.

पुढे कितीतरी दिवस मुकादम सगळं मंजूरच करत राहिला. बाईंनी वाचलंय म्हटल्यावर मी काय बघू, असं तो फोनवर म्हणायचा आणि सासूबाईंचा चेहरा उतरायचा. त्या त्याला पुन्हा पुन्हा सांगायच्या की माझ्यावर भरवसा ठेवू नका, वाचा. आणि मग एका दुपारी त्यांच्याकडे एक कागद उलट्या वाटेने आला, सहा हिरव्या खुणांनंतर एक ‘परत’ घेऊन. शेरा होता: ‘बाई, चौथी पायरी पटली नाही. तुम्ही समजावून सांगेपर्यंत माझा भाऊ उतरणार नाही.’

त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा वाचला, आणि फोन उचलला.