काठोकाठ भरलेली बाटली

भेसळकाकांचा जगात कोणावरही विश्वास नव्हता, आणि यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. उभी हयात त्यांनी दूध डेअरीच्या फाटकाशी काढली होती. दुधाचे कॅन यायचे, काका झाकण उघडून वास घ्यायचे, नळीत नमुना घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "पाणी आहे." समोरचा माणूस शपथा घ्यायचा, हातापाया पडायचा, एखादा तर चक्क रडायचा. तोवर काकांनी पुढच्या कॅनचं झाकण उघडलेलं असायचं.

अशा माणसाचं घरातलं वागणं काय सांगावं! चहा तोंडाला लावण्याआधी ते कप तिरका करून पाहायचे. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाचं शिक्षण, नोकरी, स्वभाव यातलं काही विचारलं नाही. त्या घरचं दूध मागून घेतलं, एक थेंब अंगठ्याच्या नखावर ठेवला, तो ओघळला नाही तेव्हा म्हणाले, "माणसं चांगली आहेत." काकू यावर आजही बोलतात, पण मुलीचा संसार छान चालला असल्यामुळे त्यांना फार ताणता येत नाही.

पुढे डेअरी बंद पडली. त्याच सुमारास एका मोठ्या हॉस्पिटलात दूध तपासायचं यंत्र आलं आणि ते चालवायला अनुभवी माणूस हवा होता. कोणाचं दूध, हे काकांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. पहिल्या दिवशी ते गमबूट घालून हजर झाले आणि मोठ्या सिस्टरना म्हणाले, "कॅन कुठे उतरतात?"

सिस्टरनी त्यांच्या हातात खोकल्याच्या औषधाएवढी एक बाटली ठेवली.

"हे काय?"

"आईचं दूध."

"कोणाच्या आईचं?"

"बाळाच्या आईचं, काका. इथे सगळं आईचंच दूध असतं."

काकांचे कान लाल झाले. गमबूट त्यांनी त्याच दिवशी घरी नेऊन माळ्यावर टाकले.

काम मात्र नाजूक होतं. दिवस भरायच्या आधीच जन्माला आलेली बाळं तिथे काचेच्या पेट्यांत ठेवलेली असत. कोणी मुठीएवढं, कोणी दीड मुठीचं. त्यांना ओढून पिता येत नाही, म्हणून आया पंपाने दूध काढून आणत आणि ते नळीवाटे थेंबाथेंबाने पोटात जाई. पण एवढ्याशा जिवाची वाढ भरून काढायला नुसतं दूध अपुरं पडतं. मग काकांनी प्रत्येक बाटलीचा नमुना यंत्रात घालायचा, फॅट किती, प्रोटीन किती, साखर किती ते सांगायचं आणि डॉक्टर मॅडम ठरवतील तेवढी पोषणाची पूड त्या बाळाच्या दुधात मिसळायची. याला फॅट कमी म्हणून ते वाढवा, त्याला प्रोटीन हवं म्हणून ते. शिंप्याने दर गिऱ्हाइकाचं वेगळं माप घ्यावं तसं.

काकांना पहिले काही दिवस हे पचेना. डेअरीत शंभर घरचं दूध एका टाकीत पडायचं आणि सगळ्यांचं मिळून एक दूध व्हायचं. इथे दोन बायका शेजारी बसून दूध काढतात आणि दोघींचे आकडे दोन तऱ्हांचे! बरं, एकाच बाईचं सकाळचं एक आणि संध्याकाळचं दुसरं. काकांच्या लेखी याचा अर्थ एकच होता. कोणीतरी लबाडी करत होतं.

असल्या मन:स्थितीत एका सकाळी एक बाटली आली. जेमतेम निम्मी, आणि फॅट अगदीच कमी. बाटली एका तरुण सुनेची होती. तिची मुलगी कोपऱ्यातल्या पेटीत होती, सगळ्या बाळांत लहान. बाटली घेऊन आली होती सुनेची सासू. या आजीबाईंचा आवाज असा की वॉर्डातल्या सूचना त्यांनाच द्यायला लावाव्यात.

काका जुन्या सवयीने म्हणाले, "पाणी आहे."

आधी आजीबाईंना कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाणी? आमच्या घरात दुधात पाणी? अहो, पाहुण्याच्या चहातसुद्धा आम्ही पाणी घालताना विचार करतो! आणि हे काय गवळ्याचं दूध आहे? सुनेच्या अंगावरचं दूध आहे ते! कुठून आलात हो तुम्ही?"

"डेअरीतून," काका म्हणाले. खरं उत्तर होतं, पण त्या वेळी द्यायचं नव्हतं.

मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी काकांना बाजूला नेऊन समजावलं, की पंप लावल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं, शेवटी येणारं घट्ट. कोणी शेवटपर्यंत काढलं नाही तर फॅट कमी दिसणारच. "इथे चोर नसतात, काका. आईच्या दुधावर संशय घ्यायचा नाही." काका खजील झाले. त्यांनी आजीबाईंची माफी मागितली आणि कानाला खडा लावला.

पण आजीबाई एवढ्यावर थांबतात होय! बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या बायकांना त्यांनी ऐकवलं, "उद्यापासून बघाच. आमच्या सुनेची बाटली काठोकाठ भरून येईल. मग म्हणू देत त्याला पाणी!" सून खाली मान घालून पंपाचे भाग धूत होती.

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून बाटली काठोकाठ भरून येऊ लागली. आजीबाई ती पदराआड न झाकता, उलट हात लांब करून, सगळ्या बाकांवरून मिरवत आणत. काही आज्यांनी आपापल्या सुनांकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्यांचं होतं तेही दूध आटावं.

काकांनी नमुना यंत्रात घातला. फॅट खाली. प्रोटीन खाली. साखरही खाली.

फॅट वरखाली होतं हे काका आता शिकले होते. पण तिन्ही आकडे एकदम, सारख्याच मानाने उतरतात ते एकाच कारणाने, आणि ते कारण काका झोपेतसुद्धा ओळखत. त्यांच्या तोंडात तो शब्द आला. त्यांनी तो गिळला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काकांनी तर ताकाकडे बघणंच सोडलं. "आईचं दूध आहे," ते स्वतःशी म्हणाले, "याचं गणित वेगळं असेल."

आकडे त्यांनी खरे सांगितले, शंका सांगितली नाही. डॉक्टर मॅडमनी पूड वाढवली. पोरीचं वजन हलेना. पूड आणखी वाढवली, तर पोरीचं पोट फुगलं. एक दिवस मॅडम काचेच्या पेटीजवळ सिस्टरना म्हणाल्या, "हे दूध हिला पुरत नाही आणि पूड सोसत नाही. उद्या आईचं बंद करून डब्यातलं द्यावं लागेल. एवढ्याशा आतड्यांना ते झेपलं नाही तर काय करायचं, तेच कळत नाहीये." काकांनी हे दारातून ऐकलं. तोंडात शब्द धरून बसलेला माणूस फार वाईट दिसतो. काकूंनी घरी विचारलंही, "दात दुखतोय का?"

सांगावं तर पुन्हा तीच बाटली, पुन्हा त्याच आजीबाई, आणि या वेळी नोकरीवर पाणी. न सांगावं तर पोरगी. काकांनी मधला मार्ग काढला, म्हणजे घोटाळा केला. चोर मुद्देमालासकट पकडायचा असं त्यांनी ठरवलं, आणि चोर म्हणजे अर्थातच आजीबाई. सकाळपासून ते त्यांच्या मागावर राहिले. आजीबाई नळाशी गेल्या, काका नळाशी. आजीबाई जिन्यात, काका जिन्यात. शेवटी त्या बायकांच्या बाथरूमकडे वळल्या आणि गर्रकन फिरून ओरडल्या, "आता आतही येता का?"

सगळा वॉर्ड गोळा झाला. "दुधाच्या मागे लागून झालं, आता माझ्या मागे लागलाय!" आजीबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. वयस्कर गृहस्थ, पांढरा कोट, हातात रिकामी नळी. दिसत होतंच तसं.

सिस्टरनी त्यांना हाताला धरून दूधखोलीत आणून बसवलं आणि बाहेर निस्तरायला गेल्या. दार हळूच उघडलं. सून होती.

"सासूबाईंना नका बोलू," ती म्हणाली. "मी घालते पाणी."

काकांनी हातातली नळी खाली ठेवली. आयुष्यात कोणी आपणहून कबुली देण्याची ही पहिलीच वेळ.

"उकळून गार केलेलं असतं," ती घाईघाईने म्हणाली. "मला एवढंसंच येतं हो. तासभर बसले तरी बाटली जेमतेम निम्मी, कधी तर नुसता तळ भरतो. किती येतं ते आधी कोणी बघत नव्हतं. तुम्ही त्या दिवशी पाणी म्हणालात, आणि सासूबाई सगळ्यांना सांगून आल्या की काठोकाठ आणू. मग निम्मी बाटली कशी देऊ त्यांच्या हातात? त्यांना वाटलं असतं, मला काहीच जमत नाही. पोर पोटात नीट ठेवता आली नाही, आता दूधही नाही." एवढं बोलून ती तोंड दाबून रडायला लागली.

म्हणजे पाणी नव्हतं तेव्हा काकांनी बोंब मारली, आणि त्या बोंबेनेच पाणी आलं. डेअरीत काकांनी अनेकांना रडताना पाहिलं होतं, पण त्यातल्या एकालाही रडायला त्यांनी स्वतः लावलं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. ते खुर्चीवरून उठले, तिला बसवलं, आणि काय करावं ते न कळून प्यायचं पाणी पुढे केलं. मग आपण पाणीच पुढे केलं हे लक्षात येऊन आणखीच गडबडले. ती रडता रडता हसली.

"डॉक्टरांना सांगावं लागेल," काका म्हणाले. "पोरीच्या जिवाचं आहे."

"सांगा. पण सासूबाईंना नको."

डॉक्टर मॅडम आधी चिडल्या, मग सुनेशेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बोलल्या. बाळाच्या तपासण्या झाल्या. नशिबाने काही वाईट निघालं नाही. डब्यातलं दूध नको, आईचं आहे तेवढंच द्यायचं ठरलं, आणि पूड नव्याने मोजून कमी केली.

राहिल्या आजीबाई. पाणी नाही म्हणजे बाटली पुन्हा निम्मी येणार, आणि त्या विचारणारच. काका स्वतः बाहेर आले. बाकांवरच्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी हात जोडले.

"आजी, माझं चुकलं. यंत्र बिघडलं होतं. दुरुस्त करून पाहिलं, तर तुमच्या सुनेचं दूध एवढं कसदार निघालं, की बाटलीभर दिलं तर बाळाला जड होईल. डॉक्टर म्हणाल्या, थोडंच आणा. तळ भरला तरी पुष्कळ."

आयुष्यात काकांनी कोणत्याही नळीला, कोणत्याही यंत्राला चुकीचं म्हटलं नव्हतं. आणि धडधडीत खोटं तर कधीच बोलले नव्हते.

आजीबाईंनी त्यांना आणखी चार गोष्टी सुनावल्याच. पण मग बाकांकडे वळल्या आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत ना? काठोकाठ भरायला काय, नळसुद्धा भरतो!" बऱ्याच बायकांनी आपापल्या भरलेल्या बाटल्या पर्समध्ये घातल्या.

दुसऱ्या दिवशी सून स्वतः बाटली घेऊन आली. तळाला दोन चमचे दूध होतं. ती काकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. काकांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, उजेडात धरली. पोरगी एका वेळेला चमचाभरही पीत नव्हती.

"पुरून उरेल," काका म्हणाले, आणि हे खरं होतं.